खोली दाखवा

टाल्कम पावडरचा वास आला की मला आमची सुकापूरची खोली आठवते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आईला मी रोज ती पावडर लावायचो. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी सॉफ्टवेअरमधली जुनी नोकरी सोडली आणि घरून करता येईल असं अर्ध्या दिवसाचं फ्रीलान्स काम शोधू लागलो. एवढा अनुभव असूनही परीक्षा होतीच, तीही कॅमेऱ्यासमोर. लॅपटॉपमधून परीक्षेवर नजर ठेवणारी बाई म्हणाली, “सर, पूर्ण रूम दाखवा. मदतीला कोणी नको.” मी लॅपटॉप फिरवला. पलंगावरची आई दिसताच बाई म्हणाली, “त्यांना बाहेर पाठवा.” “तिला उठता येत नाही.” “रूल आहे, सर.” मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात आई तिच्या उरणच्या बोलीत म्हणाली, “मी नाय इथं, असं सांग तिला. तुजी परीक्षा हाय ना, कर.” आणि तिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. “चालेल,” बाई म्हणाली. नजर स्क्रीनवरून हलली तर परीक्षा रद्द, म्हणून मला मागे वळता येत नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझ्या चेहऱ्यामागे ती पांढरी चादर दिसत होती. कोड लिहिताना ती हलतेय ना, एवढंच मी बघत राहिलो. परीक्षा संपेपर्यंत आई खोकलीसुद्धा नाही. ते काम काही मिळालं नाही. परवा पुन्हा तशीच परीक्षा होती. पलंग नसलेली खोली मी सावकाश फिरवून दाखवली. “गुड, कोणीच नाही,” पलीकडून आवाज आला, “करा सुरू.”