शकूचा सोनेरी ऑइल कूलर

धाटाव एमआयडीसीतल्या सकाळच्या शिफ्टचे लोक शकूच्या व्हॅनमध्ये बसले की डोळे मिटतात, ते कंपनीच्या गेटवरच उघडतात. नागोठण्याकडून रोह्याकडे यायचं म्हणजे खड्डा चुकवावा तर पुढे दुसरा तयार! पण शकूचा हात असा, की मांडीवरच्या डब्यातल्या आमटीला तरंग उठत नाही.

आणि गंमत बघा, ही बाई गाडी चालवायला शिकली ती उलटी. लग्न होऊन नवी नवी आली होती, तेव्हा तिच्या नवऱ्याचा, हैबतरावचा टेम्पो खताच्या गोण्यांसकट बांधाखालच्या चिखलात रुतला. सगळे गडी पुढून ढकलायला लागले, हैबतराव त्यांच्यातच, मग स्टिअरिंगवर बसायला उरलं कोण? शकू. हैबतराव ओरडला, "रिवर्स टाक गो!" तिनं टाकला. टेम्पो चिखलातून सुटला तो थांबेचना. मागे मागे थेट देवळाच्या पारापर्यंत गेला. कोंबड्या उडाल्या, कीर्तनाचा मांडव कलला, मागून हैबतराव बोंबलत धावतोय, आणि शकू आत बसून हसतेय. तेव्हापासून तिला वेगाचं वेड लागलं, ते लागलंच.

व्हॅनमध्ये वेग कसला? झोपलेली माणसं ती. म्हणून घरच्या जुन्या लाल गाडीवर तिचा जीव. खोपोलीच्या पलीकडे घाटमाथ्यावर कुणीतरी एक ट्रॅक काढला, आणि तिथे रविवारी कुणीही आपली गाडी आणून पळवावी, शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती पळवावी, असं कळल्यावर शकू घरात थांबते होय? गेली. ओढणी कमरेला बांधली, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि सुटली. पण थोड्याच फेऱ्यांत इंजिनाचं तेल इतकं तापलं की काटा लालात. झेंडेवाल्यांनी झेंडा दाखवून बाहेर काढली आणि लाल गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे दोरीनं बांधून घरी आली. गाव दारात उभा. काशीबाई शेजारीण म्हणाली, "शकू, कुठल्या बाजारातनं आणलीस गो गाय? दूध देते का?"

हैबतरावला हे लागलं. गाडी त्याच्या नावावर. म्हणाला, "आणखी एकदा अशी दोरीनं आली, तर माझ्या भाच्याला देऊन टाकीन. त्याच्या पोल्ट्रीच्या कोंबड्या न्यायला उपयोगी पडंल."

"कोंबड्या? माझ्या गाडीत?"

"मग? कोंबड्या तरी वेळेवर पोचतील."

शकू त्या रात्री जेवली नाही. म्हणजे भात जेवली नाही, भाकरी खाल्ली. सकाळी उठून तिनं पेण गाठलं, नितेशचं गॅरेज.

नितेश बॉनेटमध्ये डोकं घालूनच म्हणाला, "मावशी, इंजिनाला दम लागतोय तुमच्या. तेल तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. ह्याला मोठा ऑइल कूलर पायजे. कंपनीनं दिलाय तो बिस्किटाच्या पुड्याएवढा, तो बाजारहाटाला ठीक."

मोठा कूलर आला. चपटी, रुंद चौकट. तिच्यात ओळीनं आडव्या नळ्या, आणि नळ्यांच्या मधे कागदासारख्या पातळ पात्यांची जाळी. नळ्यांतून गरम तेल फिरायचं, जाळीतून वारा जायचा, तेल निवायचं. इतकं सोपं. नितेशनं ऑइल फिल्टर काढून त्याच्या खाली एक चकती बसवली, चकतीतून जाड विणीच्या दोन नळ्या पुढे आणल्या, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवल्या, घासतील तिथे रबर गुंडाळलं. कूलर बसवायच्या पट्ट्या तेवढ्या करायच्या राहिल्या. म्हणाला, "रविवारपर्यंत करतो. कूलर तोवर तुमच्याकडंच राहू दे, इथं कुणाचा पाय पडायचा."

शकू कूलर बगलेत मारून सरळ माहेरी गेली. माहेर पेणजवळच्याच जोह्याचं. जोहे म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवणारं गाव. घराघरात कारखाना, आणि शकूच्या बापाच्या कारखान्याचा एकच कायदा: बिनरंगाची वस्तू उंबऱ्याबाहेर जाणार नाही. त्या म्हाताऱ्यानं खुराड्यालासुद्धा सोनेरी कड काढली होती. कोंबड्या ऐटीत फिरायच्या. आता कारखाना भाऊ जगन बघतो. त्यानं कूलर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि तोंड वाकडं केलं.

"हे असं पांढरंफटक लावणार पुढं? गाडीच्या तोंडावर? ताय, बापाची लेक हायस ना तू?"

शकू खरं तर हेच ऐकायला आली होती. "दे की मग मुकुटाचा सोनेरी," ती म्हणाली.

मग काय विचारता! आधी अस्तर, मग सोनेरी, कडेला मोरपंखी, वरून चकाकी. भाऊ-बहीण दोघं पाट मांडून बसले, लहानपणीसारखे. पाती न पाती रंगवली. फट म्हणून ठेवली नाही, कारण फट ठेवणं म्हणजे कामचुकारपणा.

आणि पेणमधली माणसं पण बघा! नितेश मेकॅनिक खरा, पण वाढला रंगाच्या वासात. त्यानं रोखायला हवं होतं की नाही? त्यानं कूलर बघितला आणि हातातला पाना खाली ठेवला. "वा मावशी! मूर्तीसारखे डोळे तेवढे लिहायचे राहिलेत." असं म्हणून स्वतः रेडिएटरच्या पुढे मिरवत बसवला. कूलरपुरतं तेल जास्त भरलं, इंजिन चालू करून सांधे बघितले, थेंब नाही. चहावाला आला, रिक्षावाले आले, सगळ्यांनी वाहवा केली. एकानं हात जोडले.

रविवारी लाल गाडी सोन्याचं नाक घेऊन घाट चढली. शेजारी हैबतराव, मागे जगन. ट्रॅकवर लोक कूलरचे फोटो काढायला लागले. शकू एकटीच आत शिरली, पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिला वास आला. अहाहा! अस्तर, रंग, चकाकी, साक्षात माहेर! श्रावणात जोह्याच्या गल्लीत शिरल्यासारखं वाटलं तिला. तिनं हेल्मेटमध्येच एक आरती सुरू केली. दुसऱ्या कडव्याला सहज काट्याकडे नजर गेली. काटा लालाच्या उंबऱ्यावर.

शकूला भाच्याची पोल्ट्री आठवली. कोंबड्या दिसल्या तिला, मागच्या सीटवर. पण हात तोच, आमटी न हलवणारा. तिनं पाय काढला, गाडी हळूहळू फिरवत स्वतःहून बाहेर आणली आणि बॉनेट उघडून उभी राहिली. हैबतराव जवळ आला. वाकून मागची सीट न्याहाळायला लागला.

"अवो, बाटली द्या पाण्याची."

गाडी जरा निवल्यावर बंपरवरची जाळी काढून तिनं कूलरवर पाणी ओतलं. पाणी आत शिरावं, मागे गळावं. कसलं काय! गणपतीच्या पोटावरून ओघळावं तसं वरच्या वर ओघळून खाली. थेंब आत गेला नाही.

शकूनं जगनकडे बघितलं. जगननं आभाळाकडे बघितलं.

"जगन्या, हितनं पाणी जात नाय, तर वारा कुठनं जाणार रे?"

"ताय, फिनिशिंग..."

"फिनिशिंग गेलं चुलीत! कोरण्या हायत का पिशवीत?"

जोह्याचा माणूस तिन्हीसांजेला देवळात गेला तरी कोरणी खिशात असते. मूर्तीची बोटं सुटी करायच्या बारीक कोरण्या निघाल्या, आणि दोघं गुडघ्यावर बसली. तापून मऊ झालेला रंग सायीसारखा निघायला लागला. पाती वाकता कामा नये, म्हणून श्वास धरून. जगन प्रत्येक पातीला "माफ कर बाबा" म्हणत होता. हैबतराव आधी हाताची घडी घालून उभा होता. मग म्हणाला, "ती डावीकडची राहिली." मग म्हणाला, "सर जरा, तुला नाय जमत." आणि तिसरी कोरणी घेऊन तोही बसला. कड तेवढी सोनेरी ठेवली. पुन्हा पाणी ओतलं, ते सरसर पलीकडे.

दुपारच्या फेरीला जगनला शेजारी घेऊन शकू निघाली ती वाऱ्यासारखी. वळणावर गाडी अशी घुसायची की जगन डोळे झाकायचा आणि बोटांच्या फटीतून बघायचा. काटा मधोमध, म्हशीसारखा बसून. हलेचना! वेळ संपल्याचा झेंडा पडेपर्यंत शकू पळाली आणि आपल्या चाकांवर परत आली.

हैबतरावनं बॉनेटवर हात ठेवून बघितला. मग कूलरजवळ कान नेला, कशाला ते देव जाणे. मग म्हणाला, "मला पण बसता येतं का त्यात?"

जगनचं हेल्मेट त्याला कानात अडकत होतं, तरी घातलं. पहिल्या वळणावर तो ओरडला, "हळू गो! हळू, मेलो!" दुसऱ्या वळणावर त्यानं मिटलेले डोळे उघडले. सरळ पट्टा आला तसा त्यानं डॅशबोर्डवर थाप मारली, "अगं घाल की! पुढची निळी जातेय, घाल!" आणि त्या पट्ट्यावरच त्याच्या खिशात भाच्याचा फोन वाजायला लागला. हेल्मेटवरूनच मोबाइल लावून हैबतराव केकाटला, "काय? ऐकू येत नाय! कोंबड्यांना टेम्पो बघ रे! ही गाडी रिकामी नाय!"

बाहेर आल्यावर शकू तेल तपासायला बसली. जरा वेळानं मान वर करते तर नवरा गायब. शोधलं तर हा पुढच्या फेरीच्या गाड्यांच्या रांगेत, दोन मोठ्या गाड्यांच्या मधे, हेल्मेटसकट एकटाच उभा. झेंडेवाला विचारत होता, "काका, तुमची गाडी कुठाय?"

"येतेय ना. बायको घेऊन येतेय. तुम्ही कुणाला मधे घुसू देऊ नका, हा आमचा नंबर हाय."