पूर्णेच्या बेटावरची टिटवी

माझी सासुरवाडी पूर्णेच्या काठावर, नांदुऱ्याच्या बाजूला. उन्हाळ्यात नदीच्या दोन धारा होत आणि मधे वाळूचं लांबलचक बेट उघडं पडे. दर पुरात त्याचा आकार बदलायचा, म्हणून पटवाऱ्याच्या नकाशात ते नव्हतं. वऱ्हाडाचे सरकारी कागद तेव्हा नागपूरपर्यंत जात, पण ह्या बेटाची लांबी कोणालाच ठाऊक नव्हती. एका वैशाखात मी ती मोजायची ठरवली.

सकाळी घोटाभर पाण्यातून बेटावर गेलो. दर शंभर पावलांवर तुरीची एक वाळकी काडी रोवत चाललो. अकराशे चाळीस पावलं भरली. एवढी वाळू मी एका जागी कधी पाहिली नव्हती. वाऱ्याने तिच्यावर बारीक वळ्या घातल्या होत्या. वितीत तीन, जिथे मोजल्या तिथे तीनच. कासवाच्या पायांची दुहेरी रांग थेट पाण्यात गेलेली. टोकाला दोन्ही धारा मिळत होत्या, तिथे मी टोपी काढून बराच वेळ उभा राहिलो.

परतताना बेटाच्या मध्यावरच्या टरबुजाच्या वाडीत गडबड दिसली. वाडी एका म्हातारीची. ती दोन्ही सुनांवर ओरडत होती, "तोडा व बाई, कच्चं-पक्कं पाहू नका!"

"काऊन मावशी?" मी विचारलं. "काल तर आठ दिवस राहू देतो म्हणत होत्या."

"पाणी येऊन राह्यलं, जवाईबापू. टिटवीनं खालच्या वाळूत अंडी घातली, म्हणून मी निचिंत होती. आज अंडी सोडून ते वर उंचवट्यावर जाऊन बसली. तिले कळते, आपल्याले नाही."

टिटवी खाली बसली आहे तोवर नदी चढत नाही, असा तिकडे पक्का समज. कच्चं टरबूज कोणी घेणार नव्हतं, आणि लोंढा आला तर वेलीसकट सगळं जाणार होतं. म्हातारीची सारी मेहनत ह्या दोहोंमधे अडकली होती.

तिने बोटाने जागा दाखवली. वाळूच्याच रंगाची चार अंडी, आणि दोन हातांवर माझी सातवी काडी. ती रोवताना टिटवी डोक्यावर ओरडत होती ते आता आठवलं. आकडा चुकू नये म्हणून मी वर पाहिलंच नव्हतं.

"मावशी, ती काडी माझी. बेट मोजत होतो."

"मोजाले? काय, इकत घ्याचं हाय का?" सुना पदराआड हसल्या. म्हातारी हसली नाही. "उपटा ते, अन् या इकडं. पाहू."

काडी उपटून मी त्यांच्याजवळ वेलींमागे बसलो. टिटवी हळूहळू गप्प झाली. पण सरळ अंड्यांकडे आली नाही. आधी धारेत उतरली, पोटाची पिसं भिजवली आणि तुरुतुरु धावत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसली, तापल्या वाळूत त्यांना गारवा द्यायला. थोड्या वेळाने उठली, पुन्हा पाण्यात. मी पंचेचाळिशीचा माणूस, श्वास धरून पाहत होतो. चार खेपा झाल्या.

म्हातारीने विळा खाली ठेवला.

"राहू द्या व बाई," ती सुनांना म्हणाली, "बसली ते."