काताची शाई

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. यजमानांजवळ नाही, माहेरच्या बहिणीजवळ नाही, देवापुढेही नाही — तिथे हात जोडून मी दुसरेच काही मागत राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. तरी दाराकडे पाहत पाहतच लिहिते आहे.

शाईपासून सुरुवात करते. शाईबद्दल बोलणे सोपे आहे.

यजमान शाळेत शिकवीत. त्यांनी मुंबईहून माझ्यासाठी फाउंटन पेन आणले, तेव्हा सोलापुरात बाईमाणसाच्या हाती तसे पेन म्हणजे नवलच होते. मी कविता करीत असे. निळी शाई मला शाळेची वाटे, काळी कोर्टाची, आणि तांबडी तर यजमानांची — चुका दाखवणारी. मला हवी होती तपकिरी. उन्हात वाळलेल्या कडब्याची, खारकेच्या सालीची, जुन्या चंदनाची. पेठेत एक विलायती बाटली मिळाली. ओली असताना ती सुरेख दिसे, वाळली की विटेसारखी तांबूस होई. आणि तिचा गाळ पेनाच्या घशात बसून अक्षर मधेच तुटे. मग मी घरीच शाई करू लागले. चहाची केली, फिकी पडली. डाळिंबाच्या सालीची केली, पिवळट उतरली. बाभळीच्या शेंगांत हिराकस टाकून पाहिले, तर ती थेट काळ्याकडे गेली.

शेवटी कातावर मन बसले. पानात घालतात तोच कात. पाण्यात उकळायचा, मऊ मलमलीतून पुन्हा पुन्हा गाळायचा, डिंकाचे पाणी अगदी थेंबभर — अधिक झाले की पेन गुदमरते. कागदावर उतरताना ती शाई फिकट असे आणि वारा लागता लागता गडद होई. सकाळची ओळ दुपारी पाहावी तर ती जणू वयात आलेली. तिचा वास तुरट, ओल्या लाकडासारखा. खोड एकच — तिच्यावर बुरशी धरे. गल्लीत सूत रंगवणारे एक तेलुगू कुटुंब होते. तिथल्या बाई म्हणाल्या, थोडा मोरचूद, ते निळे खडे, घाला, बुरशी धरणार नाही, रंगही पक्का होईल. आणि मी निघाले तशी त्यांनी मागून हाक मारून बजावले, "पोटात जाऊ देऊ नका हां बाई. विष हाय ते."

मी ऐकले नव्हते का? ऐकले होते. हे आधीच सांगून ठेवते. मला माहीत होते.

सासूबाई करकंबच्या. दात गेलेले, पण पान सुटले नव्हते. पान खलबत्त्यात कुटायचे आणि शिजवलेला कात बोटाने घेऊन त्यात कालवायचा. माझ्या शाईची त्यांना मोठी गंमत वाटे. "आगं, सारं जग निळ्या शाईनं लिवतंय, आन् तुलाच शेणकुटाचा रंग कशापायी लागतो गं?" म्हणत, आणि स्वतःच हसत सुटत. धाकटी जाऊ गिरिजा अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलून वाढलेली. मला ती अक्का म्हणे. स्वयंपाकघर तिचेच होते, कारण मला त्याची ओढ नव्हती आणि तिच्या हाताला चव होती. तिचे चिंचेचे सार सासूबाई वाटीमागून वाटी पीत. "ही पोर मला बिघडवाय लागली की," असे गल्लीभर सांगत.

त्या सकाळी मी शाई आटवून दाट केली होती — वडी करून ठेवावी, लागेल तेव्हा भिजवावी, असा बेत होता. मोरचूद मी हात सैल सोडून घातला होता. वाटी निवायला ठेवली ती स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, सासूबाईंच्या पानाच्या डब्याशेजारी. का तिथे? तिथे वारा येई म्हणून. आणि तेवढ्यात एक ओळ सुचली, म्हणून मी आत लिहायला गेले. ती ओळ आज मला आठवतही नाही.

जेवणानंतर सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. मी धरायला धावले, आणि पाहिले — उलटीचा रंग निळसर हिरवा होता. पाणी आणते म्हणून मी स्वयंपाकघरात आले. वाटीतल्या दाट तपकिरी थरात बोट फिरल्याची खूण होती, आणि त्या खुणेत वाटीचा तळ चकाकत होता.

मी आधी वाटी धुतली. मग पाणी नेले.

डॉक्टर आले. त्यांनी रंग पाहिला, जीभ पाहिली, आणि विचारले, आज आंबट काय केले होते, आणि कोणत्या भांड्यात? कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवले की ते कळकते, हे आपल्याकडे परकऱ्या पोरीलाही ठाऊक असते. सगळ्यांच्या माना गिरिजाकडे वळल्या. ती धावत जाऊन सार केलेले पातेले घेऊन आली — तिच्या माहेरचे. उजेडात फिरवून फिरवून दाखवू लागली. "कल्हई हाय की. बघा की तुमी, हाय की हो." तळाशी एक जागा जराशी पिवळी दिसत होती, रोजच्या वापरातल्या कोणत्याही पातेल्याला दिसते तशी. कोणालाच खात्री होईना. तेव्हा भाऊजींनी, तिच्याच नवऱ्याने, माझ्याकडे पाहिले. "वहिनी, तुम्ही बघितलं होतं का?"

मी पाहिले नव्हते, एवढे म्हणता आले असते. गप्प राहता आले असते. मी म्हणाले, "कल्हई गेली होती. मी तिला सांगणारच होते."

हे दुसरे वाक्य कशासाठी? पहिल्याने काम भागले नसते का?

सासूबाई वाचल्या. गिरिजाला कोणी मारले नाही, माहेरी धाडले नाही. फक्त चुलीपुढून उठवले. त्यानंतर सासूबाईंनी तिच्या हातचे पाणीही घेतले नाही. आणि मग भाऊजींनीही. ती मागच्या अंगणात भांडी घासू लागली. प्रत्येक भांडे उन्हाकडे धरून, तळावर नख फिरवून पाही. तिने ते मानले होते — हे तुम्हाला कसे सांगू? आपणच केले, असे तिने मानले होते. स्वतःच्या लेकीला ती घास भरवीना. ताट माझ्यापुढे सरकवून म्हणे, "अक्का, तुमच्या हातानं द्या." आणि मी देत असे. त्याच हाताने.

मी भीत होते. गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की मी आत जाऊन दार लोटून घेई. रंगारणीचे घर टाळून लांबून जाई — "शाई जमली का?" एवढेच तिने चारचौघांत विचारले असते तर? मग शाई मी टाकून दिली असेल, असे वाटेल तुम्हाला. नाही. एकाएकी सोडली तर कोणीतरी कारण विचारील, या भीतीने मी तीच वापरीत राहिले. लोक रंगाची वाखाणणी करीत. हेही मी त्याच शाईने लिहिते आहे.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, म्हातारपणाने. दिवसकार्य आटोपले. एका दुपारी अंगणात गिरिजा आणि मी, दोघीच होतो. हातातले पातेले खाली ठेवून ती म्हणाली, "अक्का, आता रागवणारं कुणी ऱ्हायलं न्हाय. खरं सांगा. त्या दिवशी कल्हई गेली होती व्हय?"

मला कोणाचे भय उरले होते? कोणाचेच नाही. तिच्या डोळ्यांखेरीज कोणाचेच नाही.

"हो गं," मी म्हणाले. "गेली होती."

तिने मान हलवली. "मधनं मधनं मला वाटायचं, तुमीच चुकून बोललात. लई पाप केलं मी, तुमच्यावर मनात संशय घेतला." आणि खाली वाकून तिने माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.