चोळीबांगडीचं रान

भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं. माणसं तेवढी वाचली. ढिगाऱ्यातून निघालेल्या लोखंडी पेटीत निजामाच्या काळातले उर्दू कागद होते. ते कुणालाच वाचता येईनात, म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन औशाला गेले. तिथं कचेरीतून निवृत्त झालेले एक म्हातारे मुन्शी राहत होते. एका कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"तुमच्या आजोबांनी ओढ्याकाठचं चार एकर रान लेकीला दिलंय. चोळीबांगडीसाठी."

ती लेक म्हणजे दादांची आत्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. त्याच रानात जन्मभर खुरपत होती, भावाचं रान समजून.

आम्ही एसटीनं परतलो. पत्र्याच्या शेडपुढं आत्याआजी ज्वारी पाखडत होती. दादा तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आत्या, वढ्याचं रान तुझं हाय. कागद निघाला."

"माझ्या बापानं दिलतं?"

"हाव."

"आन तुझ्या बापानं सांगितलं न्हाई."

तिनं सुपातली ज्वारी पोत्यात ओतली. मग म्हणाली, "औंदा तिथं करडई पेरायची."

"मी हरभरा पेरणार होतो."

"तू तुझ्या रानात पेर की."

आईला ते लई लागलं. "उद्या चूल बी वेगळी मांडतील," ती धुसफुसली. चूल काही वेगळी झाली नाही, पण पेरणीच्या दिवशी आत्याआजी काठी टेकत बांधावर उभी राहिली आणि तिफण हाकणाऱ्या दादांना तास सरळ धरायला सांगत राहिली. दादांनी कचेरीत खेटे घालून सातबाऱ्यावर तिचं नाव लावून आणलं.

दहावीनंतर मी लातूरला क्लाससाठी खोली करून राहिले. आत्याआजी करडईच्या तेलाचा डबा घेऊन यायची आणि खोलीतल्या पोरींना सांगायची, "माझ्या रानातलं हाय." तेव्हा मला त्याची लाज वाटायची.

शेवटच्या दुखण्यात तिनं ते रान माझ्या नावावर करायला लावलं. "पोराच्या का न्हाई?" दादांनी माझ्या धाकट्या भावासाठी विचारलं.

"त्याला तुझं हाय की."

आता मी नांदेडला नोकरी करते. रान भाऊ कसतो. दरवर्षी पेरणीआधी त्याचा फोन येतो, "ताई, वढ्याच्या रानात काय पेरू?" मला शेतीतलं फारसं कळत नाही. तुला बरं वाटेल ते पेर, म्हणते. तरी तो विचारतो.