गोरं व्हायचं औषध आणि बंद केलेली गोळी

बबनरावांनी बाटली काउंटरवर ठेवली आणि मागं गिऱ्हाईक उभं आहे हे बघून आवाज खाली आणला. "शेठ, ह्ये जरा वाचून सांगा. रोहिणीला द्यायचंय. रंग उजळतो म्हनं."

दोन हजार आठ-नऊचा सुमार. नारायणगावात माझं मेडिकल होतं. बबनराव पिंपळवंडीचे, द्राक्षवाले. रोहिणी त्यांची थोरली मुलगी, बी.कॉम. झालेली. निरगुडसरच्या एका घरातून स्थळ आलं होतं. मुलाच्या आईला मुलगी "जरा सावळी" वाटली होती. एवढ्यावरून मेव्हण्याच्या मुलानं थेट अमेरिकेतून ही बाटली पाठवली होती.

लेबलवर होतं, लायपोसोमल ग्लुटाथायोन. ग्लुटाथायोन आपलं शरीर स्वतःच तयार करतं. तोंडानं घेतलं तर पोटात बरंचसं मोडून जातं, म्हणून त्याला चरबीचं बारीक वेष्टण देतात. ते म्हणजे लायपोसोमल. मी तसं सांगितलं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा थेंबभर जास्त नको, दम्याचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पोट बिघडलं, अंगावर पुरळ आलं, तर लगेच बंद. "आणि रंगाचं म्हणाल तर, भाऊ, त्याची खात्री मी देणार नाही. मुलगी चांगली आहे. कशाला हे?"

"तुमचं खरं हाय. पर लोकं ऐकत न्हाईत ना."

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. "तिला दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

त्यांनी एकदा मागच्या गिऱ्हाइकाकडं बघितलं. "न्हाई. कायबी न्हाई."

"असेल तर ते बंद करायचं नाही. डॉक्टरांना बाटली दाखवायची आणि मग ठरवायचं."

"न्हाई म्हनलं ना, शेठ." बाटली पिशवीत घालून ते गेले.

काही आठवड्यांनी बबनराव पुन्हा आले. दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाहेर उभे राहिले. आत आले आणि भाजल्यावर लावायचं मलम मागितलं, वर चिठ्ठी पुढं केली. चिठ्ठीवर फिटच्या गोळ्या होत्या.

"कुणाला?"

"रोहिणीला. सातवीपासनं चालू हाय. आमी पुन्यातनं आनायचो. हितं घेतली तर गावभर व्हतं, पोरीचं लगीन कसं व्हनार?"

बोलता बोलता ते खाली बसले. निरगुडसरची माणसं बोलणी पक्की करायला आली होती. चहाचं आधण उकळत असताना रोहिणीला फिट आली. आधण हातावर सांडलं. पाहुण्यांनी सगळं बघितलं. चहासुद्धा न घेता उठून गेले.

"गोळी चालू होती ना?"

"बंद केली व्हती. बाटली संपंस्तोवर."

"कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल? मला एवढं कळत न्हाई व्हय? दोन औषधं फवारनीच्या एकाच टाकीत घातली का दुधावानी फाटत्यात. टॉनिक मारायचं तर बुरशीचं औषध थांबवतो आमी, मधी दिस जाऊ देतो. पोरीच्या पोटात फाटलं असतं म्हंजे?"

मला संताप आला. हा माणूस निष्काळजी नव्हता. बागेची काळजी घ्यावी तशी त्यानं मुलीची घेतली होती, आणि तिथंच घात झाला. फिटची गोळी अशी अचानक थांबवली की फिट उसळून येते. त्या दिवशी दुकानात त्यांनी एक "हो" म्हटलं असतं तर गोळी का थांबवायची नाही तेही मी सांगितलं असतं. बाटलीनं तिचं काही बिघडवलं नव्हतं, त्यामुळं तर जास्तच चीड आली.

पुढं रोहिणी स्वतःच गोळ्या न्यायला येऊ लागली. उजवा हात ओढणीखाली असायचा. एकदा तिनं विचारलं, "काका, दोन्ही सोबत चाललं असतं का?"

"ते डॉक्टरांना विचारायला हवं होतं. पण तुझी गोळी थांबवायचं काहीच कारण नव्हतं."

"मी बाबांना म्हटलं होतं. ते म्हणाले, तुला औषधातलं काय कळतं."

वर्ष सरता सरता बबनराव पुन्हा दुकानात आले. चेहरा खुलला होता. "शेठ, ती बाटली अर्धी शिल्लक हाय, फ्रिजातच ठेवलीय. परत चालू केली तर चालंल का? गोळी बंद करनार न्हाई आता. दुसरं स्थळ आलंय."

"त्यांना फिटचं सांगितलंय?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. माझं डोकं फिरलं असावं, अशा नजरेनं.

"लगीन झाल्यावर सांगू की," ते म्हणाले. "तवर गोळ्या तुमच्याकडनं नगं. परत पुन्यातनंच आनतो."