मुद्दा माझा, तिकीट तिचं

"अक्का, खाली बसा. ही खुर्ची पाहुण्यांची आहे."

निवडणूक जिंकल्याच्या सभेत, सगळ्या गल्लीसमोर, पक्षाच्या वॉर्ड सेक्रेटरीनं मला उठवलं. मी उठले. बायकांबरोबर सतरंजीवर जाऊन बसले.

स्टेजवर नवी नगरसेविका बोलत होती. जुन्या नगरसेवकाची सून. इंग्रजी शाळेत शिकलेली. अंगातला ब्लाउज मी शिवलेला. ती माइकवर म्हणाली, "इथली पोरं पाणी आधी नाकाला लावतात, मग ओठाला."

वाक्य माझं होतं.

चेन्नईजवळच्या तांबरममध्ये, आमच्या गल्लीत नळाला गटाराचं पाणी मिसळून येई. माझ्या धाकटीला कावीळ झाली, तेव्हा मी शिलाई मशीन बंद केली. घरात तंजावरची मराठी बोलणारी मी दारोदार तमिळमध्ये भांडले. सह्या गोळा केल्या. पिवळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन बायकांना पालिकेच्या ऑफिसात नेलं. तिच्या सासऱ्यानंतर हा पक्ष इथं दोनदा पडला होता. त्यांनी आमचं पाणी पोस्टरवर चढवलं आणि निवडून आले. मी तिकीट मागितलं होतं. सेक्रेटरी हसला होता. "निवडणूक म्हणजे ब्लाउज शिवणं नव्हे."

खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला पाण्याचं काही वाटलं नाही. मला तिचा हेवा वाटला. तिच्या माइकचा. तिच्या टाळ्यांचा. माझ्याच शेजारणी तिच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या, त्याचा तर फारच.

कितीतरी दिवस या हेव्याची मला लाज वाटली. मग कळलं, जी जागा आपली वाटते तिचाच हेवा वाटतो.

नवी पाइपलाइन मोठ्या रस्त्यापर्यंत आली आणि थांबली. आता पुन्हा निवडणूक. परवा नगरसेविका स्वतः दारात आली.

"अक्का, या वेळी शाळेजवळच्या दारूच्या दुकानाचा मुद्दा घेऊ. बायका चिडल्यात. तुम्ही त्यांना आणा."

"आणते. पण माझ्यासाठी."

"तुम्ही उभ्या राहणार?"

"हो."

"पडाल, अक्का."

"पडेन. पण मला मिळतील तेवढ्या मतांनी तुम्हीही पडाल."

ती चप्पल घालून निघून गेली.

काल अर्ज भरला. पाठीशी पक्ष नाही, दारात गाडी नाही. हेवा गेलेला नाही. जाऊही नये. आमच्या गल्लीचं दुःख आता मी कोणाला उसनं देणार नाही.