फोनवर मान हलवून भागत नाही

त्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर आमच्या भागात सांधे धरणारा ताप पसरला. आरमोरीचं कॉलेज बंद झालं आणि मी गावी परतले. गावात तरणी माणसंही कंबर धरून चालत होती.

अर्थशास्त्राचा एक धडा शिकायचा राहिला होता. त्या विषयात मी आधीच एकदा नापास झाले होते. पुन्हा गेला असता तर वर्ष वाया गेलं असतं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. विचारणार कोणाला?

कॉलेज बंद होताना अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हा मुलांकडून गावातले फोन नंबर घेतले होते. आमच्या गावात फोन एकच, किराणा दुकानातला. एका दुपारी सरांचा फोन आला. दुकानवाल्या बाईंनी मला बोलावलं आणि स्पीकरचं बटण दाबलं. तापातून उठलेली चार-पाच माणसं तिथे बसली होती, माझे बाबाही.

सर ‘मागणीची लवचिकता’ शिकवू लागले. मला काहीच कळेना. तरी त्यांनी "समजलं?" विचारलं की मी मान हलवायची. वर्गात तेवढ्यावर भागायचं.

"हॅलो? समजलं का?"

मी पुन्हा मान हलवली.

"हॅलो! फोन कटला वाटतं."

बाईंना राहवलं नाही. "काऊन वो पोरी, मुंडी हालवून राह्यली? सरले दिसते का तिकडं?"

सगळे हसले. फोनमधून सरही हसले. माझे कान गरम झाले.

"नाही समजलं, सर," मी म्हणाले. असं मी पहिल्यांदाच बोलत होते.

"कुठून नाही समजलं?"

"पहिल्यापासून."

"बरं. घरी काय काम करतात?"

"तलावातले मासे विकतो."

"मासे महागले तर गिऱ्हाईक काय करतं?"

मी बोलण्याआधीच बाबा म्हणाले, "काय करन? वांगे नेते!"

"आणि मीठ महागलं तर?"

"मीठ तं घ्याच लागते, सर," बाई म्हणाल्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे माशांची मागणी लवचिक, मिठाची नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

"शाब्बास! आता पूर्ण धडा तू मला समजावून सांग."

मी अडखळत सांगू लागले. मध्येच कोणीतरी बिडीचं बंडल मागायला आलं.

"थांबा जी भाऊ," बाई त्याला म्हणाल्या, "पोरगी सरले शिकवून राह्यली."